काणा घोडा आणि तीन नद्या: ‘गुरांचा राजा’ सिडनी किडमन आणि त्याचं लोकप्रिय चरित्र

१९३६ साली सिडनीच्या अँगस अँड रॉबर्टसन या प्रकाशनसंस्थेनं आयन इड्रिएस या लेखकाचं ‘द कॅटल किंग’ हे चरित्र छापलं. चरित्रनायक सर सिडनी किडमन आदल्याच वर्षी, २ सप्टेंबर १९३५ रोजी, ॲडलेडमध्ये वारला होता. पुस्तक खूप वाचलं गेलं, पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. ऑस्ट्रेलियात किडमनचं नाव निघालं की आजही जे चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं, ते बरंचसं या पुस्तकानं रंगवलेलं आहे: तेरा वर्षांचा पोर, खिशात पाच शिलिंग, खाली एका डोळ्यानं काणा घोडा आणि समोर न संपणारं कोरडं रान.

चित्र खरं आहे. घोडा काणा होता, पैसे पाचच शिलिंग होते. पण तेवढ्यावर जो माणूस पुढे जवळपास १,०७,००० चौरस मैलांवर पूर्ण किंवा भागीदारीतली मालकी चालवतो, त्याचं गणित धाडसानं आणि काटकसरीनं सुटत नाही. हे क्षेत्र २ लाख ७७ हजार चौरस किलोमीटर भरतं. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार आहे. धाडसी आणि काटकसरी माणसं त्या रानात शेकड्यांनी होती, आणि त्यातली बहुतेक दुष्काळात धुऊन निघाली. किडमन का टिकला, याचं उत्तर त्याच्या स्वभावापेक्षा नकाशात जास्त सापडतं. इड्रिएसच्या पुस्तकात हे उत्तर आहे, पण गोष्टीच्या ओघात विखुरलेलं आहे. ते एकत्र मांडणं, आणि पुस्तक कुठे पातळ पडतं ते दाखवणं, हा या प्रकरणाचा विषय.

आधी मुलगा. जन्म ९ मे १८५७, ॲडलेडजवळच्या ॲथेलस्टोन गावी. बाप शेतकरी, सिडनी सहा महिन्यांचा असतानाच तो गेला. तेराव्या वर्षी त्यानं घर सोडलं आणि उत्तरेकडे बॅरियर डोंगररांगांच्या मुलखात भावाकडे निघाला. तिथे हॅरी रेन्स नावाच्या माणसाकडे तो पडेल ते काम करू लागला. रेन्सची स्वतःची जमीन नव्हती. जिथे कुंपण नाही आणि गवत आहे तिथे कळप न्यायचा, गवत संपलं की पुढे सरकायचं, हा त्याचा धंदा. पुढचा सगळा किडमन इथेच बीजरूपानं दिसतो, असं आमचं मत आहे. जमीन एका जागी राहते, पाऊस राहत नाही, म्हणून जनावरानं पावसामागे जायचं हा धडा त्याला कोवळ्या वयात मिळाला. त्याच मुक्कामात बिली या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका आदिवासी तरुणानं त्याला माग काढणं, कोरड्या नदीच्या पात्रात कुठे खणलं तर पाणी लागतं ते ओळखणं, ताऱ्यांवरून दिशा धरणं शिकवलं. बिलीकडे आपण नंतर परत येऊ.

रेन्सला तिथून हलावं लागल्यावर किडमन माउंट गिप्स स्टेशनवर लागला. (ऑस्ट्रेलियात गुरांच्या किंवा मेंढ्यांच्या अफाट रानाला, त्यावरच्या घरा-गोठ्यांसकट, ‘स्टेशन’ म्हणतात. जमीन बहुधा सरकारची, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं घेतलेली.) एकविसाव्या वर्षाच्या सुमारास आजोबांच्या वारशाचे ४०० पौंड त्याला मिळाले. ही रक्कम गोष्टीत मागे पडते आणि पाच शिलिंग पुढे येतात. दोन्ही खरे, पण धंद्याच्या दृष्टीनं वजन ४०० पौंडांना आहे. त्या काळात चारशे पौंड म्हणजे बैल, गाड्या आणि शे-दोनशे जनावरांचा पहिला सौदा. त्यातून तो खाणींच्या वसाहतींना मांस आणि माल पुरवू लागला.

याच दिवसांतली एक घटना सगळे चरित्रकार सांगतात. माउंट गिप्सच्या हद्दीतच १८८३ मध्ये ब्रोकन हिलची चांदी-शिशाची खाण सापडली. त्या मूळ मंडळीतल्या एकाकडून किडमननं दहा बैलांच्या बदल्यात चौदावा हिस्सा घेतला आणि थोड्याच काळात दीडशे पौंडांना विकून टाकला. पुढे त्या हिश्शाची किंमत अफाट झाली. पुस्तकात ही हुकलेल्या नशिबाची गंमत म्हणून येते. पण त्याच्या हातात जे होतं त्यावरून पाहिलं तर सौदा त्याच्या नेहमीच्या रीतीचा होता: लवकर घ्या, नफा दिसला की सोडा, पैसा जनावरांत घाला. खाणीतलं त्याला कळत नव्हतं, जनावरातलं कळत होतं. आणि खाणीपासून त्याला खरा लाभ झाला तो वेगळाच. त्या उजाड माळावर हजारो तोंडांचं शहर उभं राहिलं आणि त्या तोंडांना रोज मांस लागू लागलं. त्याचा भाऊ सॅकव्हिल ब्रोकन हिलमध्ये खाटकाचा व्यवसाय चालवत होता. म्हणजे गिऱ्हाईक घरचंच.

१८८५ मध्ये कपुंडा गावी इझाबेल राइट या शिक्षिकेशी त्याचं लग्न झालं. तिनं त्याला लिहिण्या-वाचण्यात हात दिला असं मानलं जातं, आणि ज्याचा पुढचा सगळा कारभार तारा आणि पत्रांवर चालला त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. दरम्यान टपालाच्या घोडागाड्यांचे ठेके त्यानं भागीदारीत घेतले. त्या काळच्या नामांकित कॉब अँड कंपनीच्या खालोखाल त्याचं नाव होतं. गाड्यांमुळे त्याला दोन गोष्टी फुकट मिळत गेल्या: घोड्यांचा बाजार आणि बातमी. कुठे पाऊस झाला, कोणत्या पाणवठ्याला तळ दिसला, कोणता मालक बँकेच्या तगाद्यानं वाकला आहे, हे गाडीवान सांगत येत.

१८८६ च्या सुमारास भावाबरोबर त्यानं मध्य ऑस्ट्रेलियात आजच्या ॲलिस स्प्रिंग्जजवळचं ओवेन स्प्रिंग्ज हे स्टेशन घेतलं. १८९९ मध्ये सॅकव्हिल वारला. तोवर स्टेशनांची साखळी उभारण्याचा बेत पुरा ठरलेला होता.

आता नकाशा. ऑस्ट्रेलियाच्या मध्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे पंधरा मीटर खाली, लेक एअर नावाचं मिठाचं सरोवर आहे. बहुतेक वर्षं ते कोरडं असतं. देशाच्या सुमारे सहाव्या हिश्शाचं पाणी समुद्राकडे न जाता या खळग्याकडे येतं. ते आणणाऱ्या मुख्य नद्या तीन: जॉर्जिना, डायमेंटिना आणि कूपर क्रीक. त्यांचे उगम क्वीन्सलंडच्या उत्तर भागात, जिथे आपल्यासारखाच उन्हाळी मोसमी पाऊस पडतो. पण वाट दक्षिणेकडे, जिथे वर्षाला दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. आपल्या माण-आटपाडीच्या पावसाचा हा साधारण तिसरा हिस्सा.

वाटेत जमीन इतकी सपाट होते की नदीला एक पात्र उरत नाही. पाणी शेकडो ओहोळांत फाटतं, कुठे कुठे पन्नास-साठ किलोमीटर रुंदीत पसरतं. याच मुलखाला चॅनल कंट्री म्हणतात. पूर यायला आठवडे लागतात. वर निरभ्र आकाश, महिनोन् महिने थेंब नाही, आणि एके दिवशी हजार किलोमीटरवरच्या पावसाचं पाणी पावलापावलानं ओहोळांतून सरकत येतं. ते पसरतं, मुरतं, मागे गाळ सोडतं, आणि त्या ओल्या गाळातून गवत आणि रानभाज्यांसारख्या पालेदार वनस्पतींची दाट उगवण होते. अशा चाऱ्यावर जनावर दिवसाला पाऊण ते एक किलो वजन धरू शकतं. चार महिन्यांत शंभर किलो. खोंड येताना हाडं मोजता येतील असा, जाताना कातडी ताणलेली.

किडमनचा बेत एका वाक्यात असा: पावसाच्या मुलखात पैदास, पुराच्या मुलखात चराई, रेल्वेच्या टोकाला विक्री, आणि या तिन्हींमधली वाट स्वतःच्या मालकीची. पूर्वेची साखळी कार्पेंटारियाच्या आखातापासून पश्चिम क्वीन्सलंडमधून या तीन नद्यांच्या काठाकाठानं खाली ब्रोकन हिलपर्यंत, आणि तिथून ॲडलेडला हाकत नेता येईल इतक्या अंतरापर्यंत. दुसरी मधली साखळी उत्तरेला फिट्झरॉय नदी आणि व्हिक्टोरिया रिव्हर डाउन्सपासून ॲलिस स्प्रिंग्जच्या मुलखातून दक्षिणेला फ्लिंडर्स डोंगरांतल्या विल्पेनापर्यंत. व्हिक्टोरिया रिव्हर डाउन्स हे जगातलं सर्वात मोठं म्हणून गाजलेलं स्टेशन काही वर्षं त्याच्या भागीदारीत होतं.

दोन साखळ्यांत फरक आहे, आणि पुस्तक वाचताना तो निसटतो. पूर्वेची साखळी नद्यांची आहे. तिला दूरच्या पावसाचा विमा आहे. मधल्या साखळीला असा पूर नाही. तिथे स्थानिक पाऊस, झरे आणि खोदलेल्या विहिरी यांवर भिस्त, आणि रेल्वे १८९१ पासून ऊदनडट्टापर्यंतच होती. ॲलिस स्प्रिंग्जला ती १९२९ मध्ये पोचली. तरी दोन्ही हव्यात, कारण दोन्हींकडे एकाच वर्षी पाणी हटण्याची शक्यता कमी. एकीकडची जनावरं दुसरीकडे वळवता येतात.

साखळीतली कडी म्हणून कोणतं स्टेशन घ्यायचं, याची त्याची कसोटी घरदार-कुंपण बघत नव्हती. बारमाही डोह किती, पूर आला तर किती जमीन भिजते, आणि पुढच्या आपल्या कडीपर्यंत कळप पाण्यावाचून किती दिवस चालेल, एवढंच. घेण्याची वेळ दुष्काळाची, मालक टेकीला आल्यावर, बँक ताबा घेऊन बसल्यावर. अशा वेळी जमिनीच्या भाडेपट्ट्याला जवळपास किंमत नसे. जनावरांच्या संख्येवर सौदा ठरे. मग मोजणी आली, आणि उघड्या रानात मोजणी हाच सगळ्यात मोठा धोका. वहीत पाच हजार लिहिलेली गुरं प्रत्यक्षात तीन हजार निघत. यावर त्या मुलखाची जुनी रीत अशी: जनावरं गोळा करत आणायची, प्रत्येकाच्या शेपटीचा गोंडा छाटायचा आणि सोडून द्यायचं. छाटलेली शेपटी पुन्हा दिसली तर ते जनावर मोजायचं नाही. महिनोन् महिने चालणारं हे काम, पण दोन्ही बाजूंना मान्य होणारा आकडा त्यातूनच मिळे.

आता कळप हाकण्याचा हिशेब. इथे पुस्तक फार चांगलं आहे. इड्रिएस स्वतः रानात राबलेला माणूस होता आणि धूळ, तहान, रात्रीचा पहारा तो जाणून लिहितो. पण आकडे एकत्र पाहिले की धंदा किती बारीक धाग्यावर टांगलेला होता ते कळतं.

एका खेपेत साधारण बाराशे ते पंधराशे जनावरं. बरोबर एक मुकादम, सहा-सात घोडेस्वार, एक स्वयंपाकी, एक मोकळे घोडे सांभाळणारा, आणि चाळीस-पन्नास घोडे. कारण एकच घोडा रोज जोडला तर आठवड्यात बसतो. दिवसाची मजल आठ ते दहा मैल. याहून जास्त हाकलं तर जनावर वजन टाकतं, आणि वजन हाच माल. क्वीन्सलंडच्या सीमेवरचं बर्ड्सव्हिल ते दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मरी ही प्रसिद्ध वाट ५२० किलोमीटरच्या आसपास, सव्वातीनशे मैल. दहा मैलांनी बत्तीस दिवस झाले. विसावे, वाळूचे टेकाडे आणि कूपरला पूर असला तर तो ओसरायची वाट धरून पाच-सहा आठवडे. मरीला १८८४ पासून रेल्वे होती.

उन्हात मोठं जनावर दिवसाला पन्नास लिटरच्या पुढेमागे पाणी पितं. बाराशेंना साठ हजार लिटर. नैसर्गिक डोहांवर हे भागणं अवघड, म्हणून १८९० नंतर सरकारनं या वाटेवर खोल बोअर पाडले. खाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा भूजलाचा प्रचंड साठा आहे. पाणी दाबानं आपोआप वर येतं. पण ते काही ठिकाणी उकळत्याच्या जवळ असतं. सरळ टाकीत सोडून चालत नाही, मैल-दीड मैल चरातून वाहू देऊन निववावं लागतं. दोन बोअरमधलं अंतर पंचवीस मैलांच्या आसपास, म्हणजे अडीच दिवसांची कोरडी मजल.

चुका इथेच होत. तहानलेल्या कळपाला वाऱ्यावरून पाण्याचा वास लागला की तो आवरत नाही. पुढची जनावरं हौदात ढकलली जातात, मागची त्यांच्यावर चढतात, हौद फुटतो, पाणी मातीत जातं. म्हणून जाणता मुकादम पाण्याचा वास कळपाकडे येणार नाही अशा बाजूनं, कळप दूर थोपवून, शे-शंभराच्या तुकड्या करून पाण्यावर आणे. एका बोअरचा चर वाळूनं बुजलेला निघाला तर पुढच्या पंचवीस मैलांत कळपातला मोठा भाग पडे. रात्री दुसरं संकट: पातेलं पडल्याचा आवाज, घोड्यानं अंग झाडलं, आणि बाराशे जनावरं एकदम उठून अंधारात सुटत. पहाऱ्यावरचे स्वार आळीपाळीनं कळपाभोवती संथ फेऱ्या घालत, सारखं काहीतरी गुणगुणत. माणसाचा ओळखीचा आवाज कानावर राहिला की जनावर दचकत नाही.

तिसरं संकट गोचिडीचं. गोचीड ताप १८७० च्या दशकात उत्तर टोकाला शिरला आणि १८९० च्या दशकात क्वीन्सलंडभर पसरला. उत्तरेतली गुरं दक्षिणेत न्यायची तर तपासणी, औषधी हौदात बुडवणं, कधी हद्दबंदी. साखळीची एक कडी गोचिडीच्या हद्दीत आणि पुढची बाहेर असली की कागदोपत्री सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात तुटे. लोकप्रिय चरित्रात हे सरकारी अडथळ्याच्या दोन ओळींत उरकतं. धंद्यात तो हंगाम बुडवणारा खर्च होता.

आणि या सगळ्याला जोडणारी गोष्ट म्हणजे तार. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन ही तारेची लाइन १८७२ मध्ये पुरी झाली आणि तिच्यावरची ठाणी किडमनच्या मधल्या साखळीच्या वाटेवरच होती. स्टेशनांच्या व्यवस्थापकांकडून येणारे पावसाचे आणि नदीच्या पातळीचे निरोप, आणि शहरांतल्या दलालांकडून येणारे भाव, हे दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर येत. वरच्या अंगाला डायमेंटिना चढली हे कळल्यावर खालच्या कुरणात गवत यायला कित्येक आठवडे असतात; तेवढ्या अवधीत कळप तिकडे वळवायचा. ॲडलेडला भाव पडला तर चालता कळप ब्रोकन हिलकडे फिरवायचा. शेजारच्या मालकाकडे जनावरं तितकीच चांगली असत, पण विकायला बाजार एकच आणि चरायला रान एकच.

ही व्यवस्था किती मजबूत होती ते मोठ्या दुष्काळात कसाला लागलं. १८९५ ते १९०३ या वर्षांना तिकडे फेडरेशन दुष्काळ म्हणतात. देशातल्या मेंढ्या निम्म्याच्या जवळ आल्या, गुरं चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. किडमनचंही जबर नुकसान झालं. १९०१-०२ मध्ये त्याची गुरं फार मोठ्या संख्येनं मेली. साखळीनं त्याला दुष्काळातून अलगद बाहेर काढलं असं समजू नये. पुरेशी जनावरं कुठेतरी जिवंत राहिली आणि पत टिकली, म्हणून बाकीचे मोडत असताना तो विकत घेऊ शकला. त्याच्या रानाचा मोठा विस्तार या दुष्काळातला आणि त्यानंतरचा आहे.

पत टिकवायला घोड्यांचाही हात होता. कपुंडा इथे त्याचा दर वर्षी घोड्यांचा मोठा बाजार भरे. एका आठवड्यात तीन हजारांपर्यंत घोडे विकले जात आणि जगातला सर्वात मोठा असा त्याचा लौकिक होता. इथे आपला धागा जुळतो. ऑस्ट्रेलियातले हे काटक घोडे ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेसाठी जहाजं भरभरून मद्रास, कलकत्ता आणि मुंबई बंदरांत उतरत. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना ‘वेलर’ म्हणत, आणि हा शब्द आपल्याकडेही रुळला. संस्थानिकांच्या पागेतला, रिसाल्यातला उंच परदेशी घोडा तो वेलर. गुरांचा पैसा दोन-तीन वर्षांनी हाती येई, पुरावर आणि भावावर अवलंबून. घोड्यांचा बाजार दर वर्षी ठरल्या वेळी रोख देई. गुरांच्या राजाच्या खतावणीत घोड्यांची ही बाजू जितकी मोठी होती, तितकी ती त्याच्या कीर्तीत उरली नाही.

१९०८ मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा साम्राज्यातला सर्वात मोठा जमीनधारक म्हणून त्याचं स्वागत झालं. पहिल्या महायुद्धात त्यानं सरकारला लढाऊ विमानांसाठी देणग्या दिल्या, १९२१ मध्ये सर झाला, आणि त्याच वर्षी कपुंडाचं राहतं घर सरकारी हायस्कूलसाठी देऊन टाकलं. १९३२ मध्ये त्याच्या पंचाहत्तरीला ॲडलेडमध्ये घोडेस्वारीचे खेळ झाले, त्याला हजारोंची गर्दी लोटली. मागे ठेवलेली मालमत्ता सुमारे ३ लाख पौंडांची. इतक्या रानाचा धनी, त्या मानानं हा आकडा लहान वाटतो. रान भाड्याचं, पैसा जनावरांत, जनावरं पावसाच्या हवाली, आणि शेवटची वर्षं पुन्हा दुष्काळाची आणि जागतिक मंदीची, हे लक्षात घेतलं की तो समजतो.

आता पुस्तकात जे पातळ आहे त्याकडे.

इड्रिएस संवाद लिहितो. तेरा वर्षांचा मुलगा घोड्याशी काय बोलला, शेकोटीपाशी कोणी कोणाला काय म्हणालं, हे तो डोळ्यांदेखत घडल्यासारखं देतो. त्या काळच्या लोकप्रिय चरित्राची ती मान्य रीत होती आणि त्यामुळेच पुस्तक घराघरांत गेलं. वाचणाऱ्यानं एवढंच करावं: अवतरणचिन्हांतलं सगळं प्रसंगाची चव म्हणून घ्यावं आणि तारीख, रक्कम, अंतर, ठिकाण यांना पुरावा म्हणून तपासावं. भाडेपट्ट्यांच्या सरकारी नोंदी, रेल्वेच्या टोकाला उतरलेल्या गुरांचे वर्तमानपत्रांतले आकडे, लिलावांच्या जाहिराती ही सगळी साधनं त्या काळाची शिल्लक आहेत. काटकसरीच्या कथांना विशेष सावध राहावं. शेकोटी पेटलेली असताना चिलमीसाठी काडी ओढली म्हणून किडमननं गड्याला कामावरून काढलं, अशी एक गोष्ट सांगतात. अशा गोष्टी बड्या मालकांना चिकटतात. त्यांतून लोक मालकाला कसं पाहत होते ते कळतं. त्या दिवशी नेमकं काय घडलं ते त्यांवरून ठरवता येत नाही.

दुसरी उणीव जास्त गंभीर. ज्या वाटांवरून किडमनची साखळी गेली, त्या वाटा आधीपासून होत्या. कूपरच्या काठी यांद्रुवांधा, बर्ड्सव्हिलच्या वाटेच्या मुलखात डियारी, आणि असे कितीतरी समाज हजारो वर्षं पाण्यापाण्यानं फिरत आले होते. कोणता डोह किती महिने टिकतो हे त्यांना माहीत होतं, आणि बिलीनं किडमनला दिलं ते नेमकं हेच ज्ञान. पुस्तकात बिली आपुलकीनं येतो, पण मुलाचा सोबती म्हणून. आमच्या मते, साखळीच्या कल्पनेत त्याचा वाटा सॅकव्हिलइतकाच आहे. शिवाय त्या काळच्या स्टेशनांवर आदिवासी स्वार, गुराखी, घरकाम करणाऱ्या बायका बहुतांशी शिधा, कपडे आणि तंबाखू यांवर राबत. रोख पगार अगदी थोडा, अनेक ठिकाणी शून्य. गुरांच्या धंद्यात त्यांना समान वेतन देण्याचा निर्णय व्हायला १९६६ उजाडलं आणि तो लागू व्हायला आणखी दोन वर्षं गेली. मजुरीचा हा खर्च बाजारभावानं धरला असता तर दूरच्या स्टेशनांचा जमाखर्च वेगळा दिसला असता. किडमनच्या काटकसरीची शंभर उदाहरणं देणाऱ्या पुस्तकात हे उदाहरण यायला हवं होतं, कारण सगळ्यांत मोठी बचत इथे होती.

तिसरी बाब जमिनीची. त्याच्या हयातीतच टीका होई की किडमन स्टेशन घेतो आणि ओस पाडतो: माणसं कमी करतो, घरं आणि कुंपणं पडू देतो, गवत संपवून पुढे जातो. पुस्तक याला मत्सर समजतं. टीकेत तथ्य होतं. साखळीत कडीचं काम जनावर पुढे पोचवणं. तिथे वस्ती वाढवण्यात मालकाला लाभ नव्हता. उलट बाजूही खरी आहे: ही बरीचशी रानं त्याच्या हाती येण्याआधीच दोन संकटांनी पिळलेली होती. पहिल्या मालकांनी चांगल्या वर्षांतलं गवत पाहून भरमसाट मेंढ्या चढवल्या होत्या, आणि १८८० नंतर सशांची धाड आली होती. सशांनी झुडपांची साल आणि रोपं खाल्ली, झाडोरा गेला, वाळू मोकळी झाली आणि कुंपणांवरून वाहू लागली. अशा रानात कमी माणसं आणि हलता कळप हा टिकण्याचा मार्ग होता, पण रान सुधारण्याचा नव्हता. कळप वेळेवर हलला तर गवताला विसावा मिळे. भाव किंवा पाण्यामुळे अडकला तर डोहाभोवतीची मैल-दोन मैल जमीन खुरांनी पीठ होई. दोन्ही प्रकार घडले.

किडमनच्या मागे कंपनी कुटुंबाकडे राहिली. स्टेशनं कमी होत गेली तरी २०१६ मध्ये एस. किडमन अँड कंपनीकडे सुमारे एक लाख चौरस किलोमीटर रान आणि १ लाख ८५ हजारांच्या आसपास गुरं होती, म्हणजे चौरस किलोमीटरला दोनही नाहीत. त्यातलं ॲना क्रीक हे एकटं स्टेशन २३ हजार चौरस किलोमीटरहून मोठं; आपल्या सर्वात मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याचं क्षेत्र १७ हजार आहे. विक्री निघाली तेव्हा परदेशी खरेदीदारांचे प्रस्ताव सरकारनं आधी अडवले. ॲना क्रीकचा काही भाग वूमेराच्या संरक्षण चाचणीक्षेत्रात येतो, हे एक कारण. शेवटी ॲना क्रीक वेगळं काढून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका पशुपालक कुटुंबाला गेलं आणि उरलेली कंपनी खाणउद्योजिका जीना राइनहार्ट यांच्या हॅन्कॉक प्रॉस्पेक्टिंगनं एका चिनी भागीदारासह ३८ कोटी ६५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतली.

त्या व्यवहारातल्या स्टेशनांची यादी नकाशावर लावून पाहावी. उत्तरेला पैदाशीची हेलन स्प्रिंग्ज, मध्ये जॉर्जिना-डायमेंटिनाच्या मुलखात ग्लेनगाइल, ड्युरी आणि मॉर्नी प्लेन्स, कूपरच्या बाजूला डरहॅम डाउन्स आणि इनामिंका, आणि दक्षिणेला ॲडलेडच्या अंगाला जनावर बाजारजोगं करणारा खुराकाचा गोठा. मधले पाच-सहा आठवडे गेले. तीन-तीन दुमजली पिंजरे ओढणारे ट्रक आता ते अंतर दोन-तीन दिवसांत कापतात. पूर मात्र अजूनही ओहोळांतून पावलापावलानंच येतो, आणि ट्रक कधी मागवायचे ते त्याच्यावर ठरतं.